विचारल्याशिवाय सुरू व्हायचं नाही

बकुळा परबने कम्प्युटरचं बटण दाबलं आणि हंडा उचलून ती नळावर गेली. हंडा भरला, शेजारणीशी वाळत घातलेल्या चादरीवरून थोडं भांडण झालं, ते मिटलंही. परत आली तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटत-पालटत होतंच.

"अजून उठला नाय?" आतून तिच्या नवऱ्याने, जयवंतने विचारलं. तो वॉचमनचा गणवेश चढवत होता.

"उठलाय. पण अंथरुणातच लोळतोय."

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीचा पुढचा अर्धा भाग म्हणजे बकुळाचं दुकान होतं आणि मागचा अर्धा भाग संसार. मध्ये फुलाफुलांचा पडदा. लग्नाच्या पत्रिका, मंडळाचं वार्षिक निवेदन, वॉर्ड ऑफिसातले अर्ज, दहाव्या-तेराव्याचे निरोप, सगळं मराठी टायपिंग तिच्याकडे यायचं. आणि गेले काही महिने ते हळूहळू यायचं थांबत चाललं होतं. लोक दारात उभे राहायचे, कम्प्युटर सुरू होईस्तोवर वाट बघायचे आणि "जरा जाऊन येतो" म्हणून जायचे. जाऊन यायचे नाहीत. त्यात शेजारी टॉवरचं काम सुरू झाल्यापासून चाळीचा फ्यूज वरचेवर उडायचा, आणि प्रत्येक वेळी मशीन पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. परवाच एक ओळखीचा माणूस उठता उठता म्हणाला होता, "बकुळाताई, ह्याला आता रिटायर करा. आणि खरं सांगू, तुम्ही पण थोडा आराम करा."

त्यातलं दुसरं वाक्य तिला जास्त झोंबलं होतं.

आराम कर असं तिला सांगणारा हा पहिला नव्हता. ब्याऐंशी साली संप सुरू झाला तेव्हा ती नवी नवरी होती. जयवंत गिरणीत साचा खात्यात, मागांवर होता. गिरणीचा भोंगा बंद पडला आणि चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला निघाली. तेव्हा सासरे मालवणाहून तिला आणि जयवंतला न्यायला स्वतः आले. "गिरण कधी चालू होतली ता देवाक ठावक," ते म्हणाले. "चला गावाक. शेत आसा, घर आसा."

बकुळा तेव्हा परळच्या एका क्लासात मराठी टायपिंग शिकत होती. लग्नाआधीपासूनच शिकत होती, आणि लग्नात तेवढी एकच अट तिने घातली होती. ती सासऱ्यांसमोर मान खाली घालून उभी राहिली, पण बोलली मात्र सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. "मामंजी, तुम्ही ह्यांना घेऊन जा. माझी परीक्षा आहे. मी येणार नाही."

गॅलरीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. सासरे मुलाकडे बघू लागले. जयवंत म्हणाला, "मी एकटो येऊन काय करू? ती थांबता, तर मी पण थांबतंय."

ती पास झाली आणि युनियनने आणून दिलेल्या टाइपरायटरवर संपाच्या पत्रकांच्या सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिली कापू लागली. पत्रकं वाटणाऱ्यांना पोलीस धरून न्यायचे, पण कापणारी बाई पडद्यामागे बसून कापतच राहायची. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. गिरणीचं दार उघडलं ते मशीन बाहेर काढायला. जयवंत एका इमारतीवर वॉचमन लागला. बकुळाने स्वतःचा जुना टाइपरायटर मिळवला, आणि लोकांची कामं करत करत मुलगी नलूला कॉलेजपर्यंत पोचवलं. टाइपरायटरच्या पट्ट्या बाजारात मिळेनाशा झाल्या तेव्हा तिने कम्प्युटर घेतला.

तो आणून बसवला बहिणीच्या मुलाने, रघूने. रघूचं चिंचपोकळी स्टेशनजवळ कम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पोरगा जीव लावणारा. मावशीच्या मशीनला काय देऊ नि काय नको असं त्याला व्हायचं. येताना खिशात सीडी असायचीच. "मावशी, हे टाकून ठेवतो, कामाला येईल." फोटोंचा अल्बम, गाणी वाजवायचं, हवामान सांगणारं, इंटरनेटवरून वस्तू खेचून आणणारं. एक अँटीव्हायरस होता, त्याला जोडी म्हणून दुसरा. शिवाय त्याच्या दुकानाचं नाव आणि नंबर दाखवणारी एक खिडकी, जी मशीन सुरू झालं की पडद्याच्या मधोमध उगवायची आणि "तुमचा कम्प्युटर सुरक्षित आहे" असं सांगून जायची.

आता मशीन हळू झालं म्हणून त्याला बोलावलं, तर त्याने बाहेरूनच बघितलं आणि हात झटकले. "मावशी, ह्यात दम नाय राहिला. नवीन घे. मी बघतो सगळं."

"घेतला तेव्हा पळत होता रे."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. म्हातारा झाला तो."

"म्हातारा झाला म्हणतोस, पण एकदा सुरू झाला की पत्रिका पहिल्यासारखीच टाइप होते," बकुळा म्हणाली. "अडतो तो उठतानाच. मग म्हातारा कसा?"

रघू हसला. "तुला नाय समजायचं ते."

बकुळाने त्याला चहा दिला. पण ते "नाय समजायचं" तिने काही सोडून दिलं नाही.

त्यानंतर लतिका गोखले आल्या. दादरच्या एका बँकेत नोकरी करायच्या, गिरगावात माहेर. वडिलांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका करायची होती. त्याही कम्प्युटरसमोर ताटकळल्या, पण उठून गेल्या नाहीत. चष्मा पुढे ओढून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघत राहिल्या. तिथे घड्याळाशेजारी एकामागून एक चिमुकली चित्रं उगवत होती.

"बकुळाताई, ही सगळी तुम्ही वापरता?"

"कुठली?"

"ही चित्रं. हा एकेक प्रोग्रॅम आहे. मशीन चालू केलं की हे सगळे आधी उठतात, आणि मग तुमची पाळी."

बकुळाने आजवर ती चित्रं शोभेची समजली होती. ती पडद्याजवळ सरकली. "ह्यांना कोण उठवतं?"

"कुणीच नाही, आपले आपणच उठतात. टाकताना तशी सोय करून घेतात, आणि आपल्याला कुणी विचारत नाही. आमच्या बँकेतही असंच झालं होतं. सिस्टीमवाल्याने दाखवलं तेव्हा मला कळलं. थांबा, दाखवते."

त्यांनी स्टार्ट दाबलं, मग रन, आणि त्या पांढऱ्या चौकटीत सलग लिहिलं, एमएसकॉन्फिग. एक खिडकी उघडली. तिच्यात वर ओळीने कप्पे होते. शेवटाकडचा स्टार्टअपचा कप्पा त्यांनी उघडला, आणि बकुळाच्या समोर नावांची एक लांबलचक रांग उभी राहिली. प्रत्येक नावापुढे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण.

"खूण आहे तो आपणहून उठतो," लतिका म्हणाल्या. "खूण काढली की झोपून राहतो. मशीनवरून जात नाही हं, हवा असेल तेव्हा तुम्ही हाक मारलीत की येतो. मात्र सगळ्या एकदम काढू नका. एकेक काढा, मशीन बंद-चालू करून बघा, आणि कोण कामाचा कोण बिनकामाचा ते ठरवा. अँटीव्हायरस तर ठेवाच."

लतिका गेल्या आणि बकुळा त्या रांगेकडे बघत बसली. नावं इंग्रजीत होती, तीही अर्धीमुर्धी, कुणाचं शेपूट नाही तर कुणाचं डोकं नाही. पण हळूहळू काही ओळखू येऊ लागली. हा अल्बम रघूचा. हा मेसेंजर नलूचा, मैत्रिणींशी गप्पांसाठी. हा प्रिंटरवाल्याने टाकलेला, शाई संपत आली की ओरडणारा. हे पत्त्यांच्या खेळाचं काहीतरी, म्हणजे जयवंत. ज्याला जे वाटलं ते त्याने तिच्या मशीनवर आणून बसवलं होतं, आणि रोज सकाळी ती हंडा घेऊन नळावर जायची ती ह्या सगळ्यांचं उठून होईस्तोवर. धंदा बसला तो ह्यांच्यापायी. वर आराम कर म्हणून सांगायला लोक होतेच.

तिचं डोकं फिरलं. लतिकाबाईंनी एकेक म्हणून सांगितलेलं ती विसरली नव्हती, तिने ते ऐकलं नाही एवढंच. वरपासून खालपर्यंत एकेका चौकोनावर बोट आपटत तिने सगळ्या खुणा काढल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं.

ते असं उठलं की तिलाच दचकायला झालं. वाळूचं घड्याळ जेमतेम दिसलं न दिसलं तोच पडदा तयार. कोपऱ्यात चित्रं नाहीत, मधोमध रघूची खिडकी नाही. एक इंग्रजी सूचना तेवढी आली, की तुम्ही सुरुवातीची मांडणी बदललेली आहे. "बदललीय तर," बकुळा तिला म्हणाली आणि ती बंद केली.

नेमके तेव्हाच तात्या मेस्त्री आले. जयवंतबरोबर साचा खात्यात होते, आणि आता घरांसाठी लढणाऱ्या गिरणी कामगारांच्या समितीचं काम बघायचे. गिरण्यांच्या जागेवर टॉवर चढत होते आणि ज्यांनी तिथे आयुष्य घातलं त्यांना एक खोली मिळायला मोर्चे काढावे लागत होते.

"वैनी, उद्या आझाद मैदानावर जायचं ठरलं," तात्या धापा टाकत म्हणाले. "पत्रक दुपारपर्यंत छापखान्यात गेलं पाहिजे. मी सांगतो, तू टाइप कर."

"बसा तात्या. आज वाट बघावी लागणार नाही," बकुळा ऐटीत म्हणाली आणि तिने पहिली ओळ टाइप केली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. 'कामगार बंधू-भगिनींनो' असं टाइप केलं होतं, आणि तिथे कुणीतरी दारू पिऊन लिहावं तशी ए-बी-सी-डी सांडली होती. तिने पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मराठी कळफलकच गायब झाला होता.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि पुन्हा एकदा टाइप करून बघितलं. समोरच्या सायबर कॅफेवाल्याकडे मराठीची सोय नव्हती, आणि तात्यांनाही ते माहीत होतं. ते टोपी काढून वारा घेत राहिले. बकुळाने रघूला फोन लावला.

रघू आला तोवर दिवसपाळी आटोपती घेऊन जयवंतही घरी आला होता, पत्रक छापखान्यात न्यायचं म्हणून. रघूने मशीन बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी! सगळ्यांच्या खुणा काढल्यास? कुणी सांगितलं तुला हात लावायला?"

"माझं मशीन आहे. हात लावायला कुणाला विचारू?"

"अगं, मराठीचा प्रोग्रॅमपण सुरुवातीलाच चालू व्हावा लागतो! तोच बंद केलास. बघ, म्हणून सांगत होतो, नाय समजायचं तुला. सरक, सगळ्या खुणा परत मारून देतो. पहिल्यासारखं होईल."

त्याने माऊसकडे हात नेला. बकुळाने त्याच्या आधी माऊसवर आपला हात ठेवला.

"पहिल्यासारखं नको."

"तात्या खोळंबलेत मावशी!"

"माझ्या चुकीने खोळंबलेत, ते मी निस्तरते. ह्यातला मराठीचा कुठला तेवढं दाखव, तोच चालू करायचा. बाकीचे झोपू देत."

रघू चिडला. इंग्रजी नावांतून मराठीचा कुठला हे त्यालाही झटक्यात सांगता येईना, कारण तो प्रोग्रॅम टाकला होता दुसऱ्याच कुणीतरी. "एकेक बघत बसायला टाइम कुणाला आहे? आणि अँटीव्हायरस? दोन्ही बंद करून बसलीस. उद्या व्हायरस शिरला तर माझ्या नावाने ओरडशील."

"एक ठेवते. दोन कशाला?"

"डबल सेफ्टी."

आतापर्यंत दाराशी उभा असलेला जयवंत पुढे झाला. "रघ्या, आमच्या बिल्डिंगीत सेक्रेटरीन एकदा दोन एजन्सीचे वॉचमन ठेवले होते, एकाच गेटार. दिवसभर ते एकमेकांचोच पास तपासत. आणि चोर मागच्या भिंतीवरसून गेलो."

तात्या एवढ्या घाईतही खो-खो हसले. रघूच्या ओठांवर हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "आणि माझ्या दुकानाची खिडकी? तीपण काढलीस. ती नसेल तर सर्व्हिसची जबाबदारी माझी नाय हां."

बकुळाने त्याच्याकडे वळून बघितलं. तान्हा असताना तिच्याच मांडीवर वाढलेला पोरगा. त्याला दुखवायचं नव्हतं, पण मागे सरायचंही नव्हतं.

"रघू, तू जे दिलंस ते प्रेमाने दिलंस, माहीत आहे मला. पण माझ्या दारात तुझी पाटी लावायच्या आधी मला विचारलं होतंस? सकाळी मशीन चालू केल्यावर आधी कोण उठणार, ते मी ठरवणार. मला विचारल्याशिवाय इथे काही सुरू व्हायचं नाही. तुझंही नाही, नलूचंही नाही, ह्यांचे पत्तेही नाहीत."

"पत्त्यांनी काय केलां?" जयवंत पुटपुटला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

रघू उठला, बॅग खांद्याला अडकवली आणि "बघ मग तूच" म्हणून निघून गेला.

बकुळाने खिडकी उघडली आणि कामाला लागली. एका नावापुढे खूण, मशीन बंद, मशीन चालू, एक ओळ टाइप. इंग्रजी. त्याची खूण काढली, पुढच्याला लावली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. इंग्रजी. गंमत अशी की मशीन आता इतक्या चटकन उठत होतं की हा खेळ परवडत होता, पहिल्यासारखं असतं तर संध्याकाळ झाली असती. तात्या दर वेळी खुर्चीतून अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे. एकदा तिलाच वाटलं, रघूला हाक मारावी, अजून कोपऱ्यावर असेल. तिने हाक मारली नाही. रांगेच्या तळाकडच्या एका नावाला खूण लावून तिने मशीन चालू केलं, ओळ टाइप केली, आणि पडद्यावर काना-मात्रा-वेलांटीसकट उभं राहिलं, 'कामगार बंधू-भगिनींनो'.

"आलं!" तात्या ओरडले. शेजारीण दारात डोकावली.

बकुळाने एका अँटीव्हायरसला खूण केली, बाकीच्यांना तसंच झोपू दिलं आणि म्हणाली, "सांगा तात्या."

तात्या सांगू लागले. सुरुवात नेहमीची होती, "आमच्या न्याय्य मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती." बकुळाची बोटं थांबली.

"तात्या, नम्र विनंती कुणाला करताय?"

"सरकारला."

"संपात माझ्या हातून शंभर पत्रकं गेली असतील. नम्र विनंती एकातही नव्हती. जमीन गिरणीची, गिरणी आपल्या घामाची. विनंती कसली?"

तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग काय लिहू म्हणतेस?"

"लिहा, आमच्या हक्काची घरं आम्हाला द्या. आम्हाला न विचारता आमच्या जमिनीचं काही ठरवू नका."

तात्यांनी जयवंतकडे बघितलं. जयवंत म्हणाला, "माका विचारू नका. टायपिंग तिचा."

पत्रक तसंच टाइप झालं आणि दुपारी छापखान्यात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाला तेव्हा बकुळाने दुकानाच्या दाराला कुलूप लावलं. संपात ती पडद्यामागे बसून राहिली होती, मोर्चात कधी गेली नव्हती. "मी पण येते," ती म्हणाली आणि गठ्ठ्याचा निम्मा भार आपल्या हातात घेतला. आझाद मैदानावर ऊन मरणाचं होतं. भाषणं लांबली, मंत्री भेटले नाहीत, पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी कुणाला घर मिळालं नाही, परबांनाही नाही. पण बकुळाने हातातली सगळी पत्रकं वाटली, आणि ज्याने न वाचता खिशात कोंबलं त्याला थांबवून वाचायला लावलं.

दुकानात पुन्हा माणसं येऊ लागली. एकदम नाही, पण आली. मशीन काही नव्यासारखं झालं नाही. मोठी पुस्तिका उघडली की ते अजूनही कुरकुरायचं, फ्यूज उडायचा तो उडायचाच. पण सकाळी ते वेळेवर उठायचं. नलूने चार दिवस तोंड फुगवलं. "आई, मैत्रिणींना वाटतं मी ऑनलाइनच नसते!" "असायचं तेव्हा तू स्वतः उघड," बकुळा म्हणाली, "मी बंदी घातलेली नाही." जयवंतने निमूटपणे पत्ते स्वतः उघडायला शिकून घेतलं.

रघू बरेच दिवस फिरकला नाही. बकुळाने बहिणीकडे त्याची चौकशी केली, पण माफी मागितली नाही. मग गौरीच्या सणाला तो आला, हातात मिठाई, खिशात सीडी. दारातच घुटमळला.

"मावशी, अँटीव्हायरसची नवी आवृत्ती आलीय. टाकू?"

"काय करते ती, ते आधी सांग."

तो बसला आणि सांगू लागला. सांगताना अडखळला, कारण कुणाला समजावून सांगायची त्याला सवयच नव्हती. बकुळाने मध्ये मध्ये प्रश्न विचारले, काही वेडगळ, काही बरोबर. शेवटी म्हणाली, "बरं, टाक."

त्याने टाकली. ती शेजारी बसून बघत होती. मध्येच एका पानावर बारीक अक्षरांत काहीतरी सोबत घेऊ का असं विचारलेलं होतं, आणि चौकोनात खूण आधीच मारून ठेवलेली. रघू नेहमीच्या सवयीने पुढे जायला निघाला. बकुळाने त्याच्या मनगटावर बोट टेकवलं. रघूने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि खूण काढली.

"आता पुढे जा," बकुळा म्हणाली.